विचारा, सांगते : पत्र्याच्या बराकीत उतरलेली जर्मन कुटुंबं

गेल्या अंकात मेलबर्नच्या वृद्धाश्रमांतल्या जर्मन आजी-आजोबांबद्दल लिहिताना मी बोनेगिलाच्या छावणीचा उल्लेख केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीनं ऑस्ट्रेलियात आलेल्या युरोपीय लोकांची ती पहिली निवाऱ्याची जागा. त्या एका उल्लेखावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पुण्यात शाळेत जर्मन शिकवायचे आणि आता इथे दुभाषी म्हणून काम करते. वय झालं की पुष्कळांचं नंतर शिकलेलं इंग्रजी गळून जातं आणि लहानपणचं जर्मन तेवढं उरतं. त्यांचं बोलणं डॉक्टर-नर्सपर्यंत पोचवायचं, हे माझं काम. खाली जे ऐकीव आहे ते त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : 1950 नंतर पश्चिम जर्मनी झपाट्यानं सावरत होता, असं आम्ही शाळेत शिकलो. मग मुलाबाळांसकट ऑस्ट्रेलियाला जायची वेळ जर्मन लोकांवर का आली? आणि प्रवासाचा खर्च कोण करायचं? — एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : सावरत होता हे खरं, पण ते सगळ्यांच्या वाट्याला एकाच वेळी आलं नाही. युद्ध संपल्यावर सायलेशिया, पूर्व प्रशिया, पोमेरेनिया, सुडेटनलँड अशा पूर्वेकडच्या भागांतून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन लोकांना घरदार सोडून निघावं लागलं. 1950 पर्यंत त्यांतले सुमारे 80 लाख एकट्या पश्चिम जर्मनीत येऊन पडले होते. तिथली शहरं आधीच बाँबहल्ल्यांत कोसळलेली. मग ही माणसं शेतकऱ्यांच्या माळ्यांवर, शाळांत, जुन्या लष्करी बराकींत राहिली, तीही वर्षानुवर्षं. गावकऱ्यांना ती नकोशी होती. भाषा एक, धर्म पुष्कळदा एक, तरी परकेपण वाट्याला आलंच.

त्यांना निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय योजनेतूनही बाहेर जाता येत नव्हतं. युद्धानंतर ज्या संघटनेनं सुमारे 1 लाख 70 हजार विस्थापितांना ऑस्ट्रेलियात आणलं, तिच्या नियमांत पोलिश, लाटव्हियन, युक्रेनियन बसायचे. जर्मन वंशाच्या लोकांना त्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी दार उघडलं ते 1952 मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम जर्मनी यांच्यात करार झाला तेव्हा. खर्च दोन्ही सरकारं आणि युरोपातून होणाऱ्या स्थलांतरासाठी 1951 मध्ये स्थापन झालेली आंतरसरकारी समिती यांनी वाटून घ्यायचा, प्रवाशानं थोडी रक्कम भरायची. बदल्यात दोन वर्षं सरकार सांगेल तिथे, सांगेल ते काम. मुदतीआधी परत गेलात तर भाड्याचे पैसे फेडा.

ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती. युद्ध संपलं तेव्हा लोकसंख्या जेमतेम 75 लाख, कारखाने आणि धरणं उभी करायची होती, आणि जपान दाराशी येऊन गेल्याची धास्ती ताजी होती. 1945 मध्ये स्थलांतराचं स्वतंत्र खातंच काढलं गेलं. आर्थर कॅलवेल त्याचे पहिले मंत्री. तरी जर्मन लोकांना आणायला विरोध झाला, आणि तो रास्त होता. इथल्या ज्यू समाजानं जाहीर निषेध केले. नाझी राजवटीत हात माखलेली माणसं या गर्दीत लपून येतील, ही त्यांची भीती. ज्यांची सगळी कुटुंबं मारली गेली होती, त्यांना शेजारच्या बाकावर कोण बसणार हे विचारण्याचा पूर्ण हक्क होता. मुलाखती व्हायच्या, फुप्फुसांचे एक्स-रे निघायचे. पण तपासणारे अधिकारी भूतकाळापेक्षा दंडाची ताकद जास्त बारकाईनं पाहत होते, असं माझं मत आहे.

लोक आले मात्र मोठ्या संख्येनं. 1947 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात जर्मनीत जन्मलेले साडेचौदा हजार लोक होते, 1961 मध्ये ते 1 लाख 9 हजारांवर गेले.

प्रश्न : मी वोडोंगाच्या रुग्णालयात नर्स आहे. साताऱ्याहून आई-बाबा आले होते, त्यांना बोनेगिलाचा ब्लॉक 19 दाखवायला नेलं. बाबा त्या रिकाम्या खोल्या बघून विचारत होते, की इथे बायका-मुलं राहायची कशी? पाट्यांवर तारखा आहेत, पण रोजचं जगणं कळत नाही. तुम्ही सांगाल का? — एक वाचक, वोडोंगा

उत्तर : तुमच्या बाबांचा प्रश्न मला फार भिडला, म्हणून सविस्तर लिहिते.

बोनेगिला मूळ लष्कराचा तळ. 1947 च्या अखेरीस तिथे स्थलांतरितांचं स्वागत आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, ते 1971 मध्ये बंद पडलं. मधल्या काळात 3 लाखांवर माणसं तिथून गेली. एकूण 24 ब्लॉक होते. तुम्ही पाहिलात तो 19 वा तेवढा जवळजवळ अख्खा उरला आहे. मेलबर्नच्या धक्क्यावर बोट लागली की आगगाडी उभीच असायची. शहर बघायला मिळायचं नाही. तीनशे किलोमीटर आत, ह्यूम धरणाच्या जलाशयाकाठी गाडी रिकामी व्हायची.

बराकी लाकडी सांगाड्याच्या, बाहेरून पत्रा. आतून अस्तर नाही. सैनिकांसाठी बांधलेल्या, त्यामुळे सुरुवातीला नुसत्या ओळीनं मांडलेल्या खाटा. पुरुष एका बराकीत, बायका-मुलं दुसरीकडे. पुढे फळ्यांच्या आडभिंती घालून कुटुंबांसाठी खोल्या पाडल्या. आल्याबरोबर प्रत्येकाला सरकारी घोंगड्या, चादरी, ताटली, मग, सुरी-काटा-चमचा मोजून मिळायचा, आणि जाताना मोजून परत द्यावा लागायचा. जेवण ब्लॉकच्या सामायिक मेसमध्ये, रांगेत. संडास, न्हाणीघरंही सामायिक, बराकीपासून दूर.

मी ज्यांच्यासाठी दुभाषी म्हणून जाते, त्यांतल्या एक आजी 1954 मध्ये दोन मुली घेऊन तिथे उतरल्या. मूळच्या ब्रेसलाऊच्या. आता ते शहर पोलंडमध्ये आहे. 1946 मध्ये तिथून निघाल्यावर लोअर सॅक्सनीतल्या एका बराकीत त्यांचं लग्न झालं, मुलीही तिथेच झाल्या. त्यांनी मला सांगितलं, की बोनेगिलात रात्री पोचल्यावर त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, वर पाहिलं, आणि छपराच्या आतल्या बाजूला पत्र्याचे खिळे दिसले. जर्मनीतल्या बराकीत निदान आतून पुठ्ठा मारलेला होता. नवरा काही बोलला नाही. त्यानं एक घोंगडी दोरीवर टाकून मुलींच्या खाटेपुढे पडदा केला. जून महिना होता. सकाळी दाराबाहेर बघतात तो गवत दहिवरानं पांढरं झालेलं. युरोपातल्या माणसाला ऑस्ट्रेलियात थंडी असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. माहितीपत्रकांत सगळीकडे ऊन आणि समुद्रकिनारे.

आजींच्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलं ते मटणाबद्दल. मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ मेंढीचं मटण, उकडलेलं. चरबीचा वास कपड्यांना चिकटायचा. धाकटी दोन वर्षांची होती, ती तोंडच लावायची नाही. आजींना हवी होती एक चूल आणि थोडा रवा. खोलीत स्वयंपाकाला बंदी. तरी कुणाकडे तरी छोटी विजेची शेगडी असायची. ती खाटेखाली लपवून बायका पोरांपुरतं काहीतरी शिजवायच्या आणि एकजण दाराशी पहारा द्यायची. पोराला त्याच्या पोटाला झेपेल ते करून घालता येऊ नये, या नियमाचा मला आजही संताप येतो. त्याआधी 1949 मध्ये याच छावणीत नव्यानं आलेली 13 लहान मुलं कुपोषणानं दगावली होती. लंब्या प्रवासानं आधीच खंगलेली मुलं, आणि इथे आजारी बाळांची नीट सोय नाही. मोठी ओरड झाली, चौकशी झाली, त्यानंतर व्यवस्था काही प्रमाणात सुधारली. पण चुलीची बंदी राहिली.

आता मुख्य गोष्ट. बोनेगिला हे कामगार वाटून देण्याचं ठिकाण होतं. नोकरी देणारे अधिकारी तिथेच बसायचे. पुरुषाला बोलावून कामाचा कागद पुढे ठेवला जायचा : रेल्वेचे रूळ, उसाची तोडणी, पोलादाचा कारखाना, स्नोई पर्वतातलं जलविद्युत काम. आजींचे यजमान अवजारं बनवणारे कसबी कारागीर होते, हाती रीतसर प्रमाणपत्र. ते इथे कुणी मानलं नाही. रेल्वेवर मजूर म्हणून गेले, राहायला रुळांशेजारी तंबू. आणि बायका-मुलांचं काय? तंबूत कुटुंब नेता येत नाही. मग त्यांची रवानगी दुसऱ्या छावणीत. काउरा, पार्क्स, ग्रेटा, युरानक्विंटी, बेनाला अशा गावांत विस्थापितांच्या वेळीच खास बायका-मुलांसाठी छावण्या उघडल्या होत्या. बाप शेकडो किलोमीटरवर, पगारातून त्यांच्या राहण्या-जेवण्याचे पैसे कापून जायचे, आणि भेट झाली तर सुटीत. ज्यांनी युद्धात आणि हाकलपट्टीत एकमेकांना कसंबसं धरून ठेवलं होतं, त्यांची ताटातूट शांततेच्या काळात एका सरकारी कागदानं झाली. कामगाराची गरज होती, त्याच्या घराची जबाबदारी नको होती. छपराच्या खिळ्यांपेक्षा ही गोष्ट आजींना जास्त लागलेली आहे. धाकटीनं वडिलांना पहिल्या भेटीत ओळखलं नाही, हे सांगताना त्या अजूनही थांबतात.

पुढची पायरी शहरांतली होस्टेलं. तिथे बऱ्याच ठिकाणी निसेन बराकी होत्या, म्हणजे आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखं पन्हळी पत्र्याचं घर. उन्हाळ्यात आत बसवायचं नाही. भाडं जेवणासकट, त्यामुळे स्वतःचं रांधायचं म्हटलं तर पैसे दुप्पट. ब्रिटनहून आलेल्यांना बहुतेकदा थेट या शहरी होस्टेलांत जागा मिळायची. बाकी युरोपीयांची वाट आधी बोनेगिलावरून जायची. माणसं होस्टेलांत दोन-तीन वर्षंही राहिली, कारण देशात घरंच कमी होती. कॅनबेरात तर घरं बांधायलाच एका बांधकाम कंपनीनं जर्मनीहून 150 च्या आसपास सुतार दोन वर्षांच्या करारावर आणले. त्यांचे हात लागलेली लाकडी घरं त्या शहरात अजून उभी आहेत.

सगळ्यांनी निमूट सोसलं असंही नाही. 1952 मध्ये काम मिळत नाही म्हणून इटालियन तरुणांनी बोनेगिलात निदर्शनं केली, तेव्हा लष्कराला तयार राहायला सांगितलं होतं. 1961 च्या मंदीत, जुलैमध्ये, पुन्हा निदर्शनं झाली. या वेळी जर्मन तरुणही पुढे होते. ‘काम द्या नाहीतर युरोपला परत पाठवा’ अशी त्यांची मागणी. नोकरी कार्यालयाची मोडतोड झाली, पोलीस आले, अटका झाल्या. बाबांना सांगा, की त्या शांत हिरवळीवर हेही घडलेलं आहे.

प्रश्न : मी व्यापारी जहाजांवर इंजिनियर होतो. माझे वरिष्ठ सांगायचे, की स्थलांतरितांनी भरलेलं एक जहाज हिंदी महासागरात जळालं होतं. हे खरं का? — एक निवृत्त वाचक, रत्नागिरी

उत्तर : खरं आहे. स्काउब्रिन हे नॉर्वेजियन जहाज मार्च 1958 मध्ये ब्रेमरहाफेनहून निघालं. हजारावर प्रवासी, त्यांत जर्मन कुटुंबं खूप. 31 मार्चला संध्याकाळी इंजिनरूममध्ये आग लागली आणि आवरता आली नाही. समुद्र शांत होता हे नशीब. सगळे प्रवासी, अगदी तान्ही बाळंसुद्धा, होड्यांत उतरवले गेले. सिटी ऑफ सिडनी या मालवाहू जहाजानं त्यांना उचललं, पुढे रोमा या इटालियन जहाजातून ते एडनला पोचले. हृदयविकारानं एक प्रवासी गेला, बाकी सारे वाचले. तुम्ही इंजिनरूममध्ये काम केलं आहे, तेव्हा रात्रीच्या वेळी एवढ्या लोकांना होड्यांत उतरवणं म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल. सामान मात्र सगळं बुडालं. लग्नाचे फोटो, शिवणयंत्रं, कारागिरांच्या अवजारांच्या पेट्या. ऑस्ट्रेलियात ती माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली.

प्रश्न : त्याच काळात भारतीयांना ऑस्ट्रेलियाला जाता येत होतं का? — एक माजी सैनिक, पुणे

उत्तर : स्थायिक व्हायला, जवळजवळ नाही. 1901 च्या कायद्यानं गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद होतं, आणि ते धोरण पूर्णपणे संपलं 1973 मध्ये. ऑगस्ट 1947 मध्ये मनूरा नावाचं जहाज मुंबईहून अँग्लो-इंडियन लोकांना घेऊन फ्रीमँटलला आलं होतं, पण त्यांच्याही कातडीच्या रंगावरून इथे कुजबुज झाली आणि नंतर नियम आणखी कडक झाले.

तुम्ही सैनिक आहात म्हणून हेही लिहिते. 1941 मध्ये लिबियातल्या टोब्रुकच्या वेढ्यात ऑस्ट्रेलियन सैनिकांबरोबर भारतीय घोडदळाची 18 वी रेजिमेंट अडकली होती. समोर जर्मन फौज. अकरा वर्षांनी समोरच्यांना सरकारी भाडं मिळालं आणि खांद्याला खांदा लावून लढलेल्यांना दार बंद राहिलं. जर्मन निर्वासितांच्या मुलाबाळांचा यात काही दोष नाही, त्यांच्याबद्दल मला वाटणारी माया याने कमी होत नाही. पण अन्याय तो अन्यायच, आणि आपण इथे राहणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यायला हवा.

प्रश्न : आमच्या वळिवडे गावात युद्धकाळात पोलिश लोकांची छावणी होती. बोनेगिला तशीच होती का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्हीकडे बराकी, दोन्हीकडे घर गमावलेली माणसं. पण मला मोठा फरक दिसतो. वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे 5 हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली. तिथे कुटुंबाला स्वतःच्या खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर आणि पुढे ओसरी होती. बाया कोल्हापूरच्या बाजारात भाजी घ्यायच्या, घरी शिजवायच्या. शाळा, चर्च, नाटकं सगळं होतं. त्यांच्याकडून कुणाला मजुरी करून घ्यायची नव्हती, त्यामुळे कुटुंबं आहेत तशी राहू शकली. पुढे त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. तिथे राहणाऱ्या कुणाकडे त्या जुन्या बांधकामाच्या आठवणी किंवा फोटो असतील, तर मला जरूर कळवा.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे आई-वडील जर्मनीहून बोनेगिलाला आले होते. कुटुंबात कागद काही उरले नाहीत. नोंदी कुठे शोधू? — एक वाचक, ॲडलेड

उत्तर : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. बोनेगिलात प्रत्येकाचं एक कार्ड केलं जायचं : नाव, जन्मतारीख, जहाज, आल्याचा दिवस, कुठल्या कामावर पाठवलं. पुष्कळ कार्डांवर छोटा फोटोही आहे. त्यांतली बरीच आता संगणकावर घरबसल्या बघता येतात, पैसे पडत नाहीत. न सापडल्यास स्थलांतराच्या निवडीच्या फायली वेगळ्या आहेत, त्या मागवाव्या लागतात.

शोधताना आडनाव निरनिराळ्या पद्धतींनी टाकून पाहा. जर्मन अक्षरांवरचे दोन ठिपके कारकुनांनी कधी गाळले, कधी त्यांच्या जागी ‘ई’ हे रोमन अक्षर जोडलं. म्युलर हे आडनाव तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलं आहे. नवऱ्याच्या कार्डावर बायकोचा पत्ता वेगळ्या छावणीचा दिसला, तर ती दुसरी छावणीही शोधात घ्या. मुलांच्या शाळेची नोंद कदाचित तिथे मिळेल. जर्मन हस्ताक्षर लागत नसेल तर पानाचा स्वच्छ फोटो संपादकांकडे पाठवा, मी वाचून देईन.